शनिवारची साखळी

बुधवार, संध्याकाळ

प्रिय जोएल,

काल तुझा फोन आला तेव्हा मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तू आपला हो समजून पुढे गेलास, कारण तुला लहानपणापासून तशी सवय आहे. हंगामाचा मेळावा येत्या शनिवारी आमच्या बागेत, तीन चर्चच्या मंडळ्यांची माणसं, मुलांना ट्रॅक्टरमागच्या गाडीतून फेरी, सगळ्यांना झाडावरून सफरचंदं तोडायला, आणि वर, केझी, डोनट मात्र तुझ्याच हातचे हवेत हं, चाळीस डझन तरी. शेवटी मोठ्या उत्साहाने सांगितलंस की तुझ्या प्रवचनाचा विषय आहे ‘ख्रिस्तातला विसावा’. मी फोन ठेवला आणि ओट्याला टेकून हसत सुटले. वेंडलला वाटलं, बायकोला काहीतरी झालं. अरे, तू मांडवात उभा राहून विसाव्यावर बोलणार आणि मी मागच्या शेडमध्ये उकळत्या तेलापाशी उभी राहून ते ऐकणार. हसू नको तर काय करू? फोनवर तुझ्याशी बोलण्यात अर्थ नसतो. मी एक वाक्य बोलले की तू तीन वचनं काढतोस आणि मी गप्प बसते. पत्र मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहिते आहे. सबंध वाच, आणि तुझ्या फीबीलाही वाचायला दे.

आपल्या मंडळीने उपासनेला आणि विसाव्याला शनिवार सोडून रविवार धरला त्याला दोन वर्षं झाली. तू शिकून, पाळक होऊन आलास, बुधवारच्या अभ्यासात महिनोन्‌महिने सगळ्यांना समजावत राहिलास, की शनिवारचा शब्बाथ ही नुसती सावली होती, ज्याची सावली तो ख्रिस्त आता आला आहे, मग सावलीला कशाला धरून बसायचं. तू समजावतोस छान, ते मी नाकारत नाही. शेवटी हात वर करून मतं घेतली आणि एकमताने ठरलं असं तू अजून सगळीकडे सांगतोस. माझा हात कुणी पाहिला होता का रे? मी मागच्या खोलीत तुम्हा सगळ्यांसाठी कॉफी ओतत होते. ट्रे घेऊन बाहेर आले तोवर टाळ्या चालू होत्या. म्हाताऱ्या मिसेस ग्रिझवोल्डने मला मिठी मारली आणि म्हणाली, केझी, आपण मोकळे झालो गं. माझ्या हातातली कॉफी सांडली आणि पुसायलाही मीच गेले.

मोकळे झालो म्हणे. कोण मोकळं झालं ते मला एकदा दाखव. आधी शुक्रवारी माझी धांदल उडायची हे खरं आहे. दिवस मावळायच्या आत बीन्सचं भांडं मंद ओव्हनमध्ये जायचं, पाव कापडात गुंडाळायचे, मुलांच्या आंघोळी उरकायच्या. मग पप्पा बागेच्या रस्त्याच्या तोंडाशी जाऊन दोन खांबांमध्ये ती साखळी अडकवून यायचे, त्यांच्यानंतर वेंडल जायचा. साखळी लागली की दुसऱ्या दिवशीचा सूर्य मावळेपर्यंत मला कुणी काही मागू शकत नव्हतं. खरकटी भांडी सिंकमध्ये तशीच पडायची आणि त्यांच्याकडे बघून कुणाच्या कपाळाला आठी पडत नव्हती. शनिवारी रात्री पॉपकॉर्न आणि चिरलेली सफरचंदं, तेच जेवण. आता शनिवारी शिकागोहून गाड्यांची रीघ लागते. अंधारात उठून मी पीठ भिजवते आणि अंधार पडल्यावर तेलाच्या कढया घासते. रविवारी उपासना, मग मंडळीचं जेवण, त्यातलं बटाट्याचं सॅलड पुन्हा माझंच, आणि दुपारपासून परत बाग उघडी. तू म्हणतोस ख्रिस्तामध्ये रोजच शब्बाथ आहे. असेल बाबा तुझ्याकडे. माझ्याकडे रोजच सोमवार आहे.

तुझी बाजू मला कळत नाही असं समजू नकोस. तळं विसरले नाही मी. शब्बाथच्या दिवशी गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरलेलं चालायचं, त्याच्या वर पाणी गेलं की ते पोहणं, आणि पोहणं म्हणजे आज्ञा मोडली, हा पप्पांचा कायदा. आणि तुझा पाय नेमका दर शनिवारी घसरायचा. पप्पा तुला ओल्या कपड्यांत पोर्चवर उभा करायचे, सूर्य मावळेपर्यंत. तुझे दात वाजायचे आणि तू रडत मात्र नव्हतास. सूर्य अजून दिसतोय का हे बघायला मला शिडीवर चढवायचास आणि मी खोटंच सांगायची की गेला, गेला. पप्पांनी ते वाईटच केलं. देवाने दिलेला दिवस त्यांनी चौकीदारासारखा राखला. पण एक गोष्ट तुला माहीत नसेल. तू पाण्यात शिरायचास तेव्हा आई झाडाखालून तुला बघत असायची. बघायची, आणि कूस बदलून तोंड दुसरीकडे करायची. मी तिच्याजवळ असायची म्हणून मला माहीत.

तुला शब्बाथ म्हटलं की ओले कपडे आठवतात. मला आईचे उघडे पाय आठवतात. बाकी सहा दिवस आई म्हणजे आपल्याला दिसणारी पाठ होती. स्टोव्हपाशी पाठ, रसाच्या यंत्रापाशी पाठ, कपडे वाळत घालताना पाठ. शनिवारी दुपारी ती बूट काढायची, मोजे काढायची आणि टेकाडावरच्या जुन्या झाडाखाली आडवी व्हायची. मी तिच्या दंडावर डोकं ठेवायची आणि ती आपणहून बोलत राहायची. तिची धाकटी बहीण लहानपणीच गेली होती, तिला शाळेत शिकवायचं होतं, पप्पांना तिने पहिल्यांदा नकार दिला होता, हे सगळं मला त्या झाडाखाली कळलं. आई मला भेटली ती शनिवारीच. आता तुम्ही त्या झाडाखाली तिकिटांचं टेबल मांडलं आहे.

तुझ्या वचनांना माझ्याकडे उत्तर नाही, ते आधीच सांगून टाकते. पौलाने कलस्सैच्या मंडळीला लिहिलं की सणावारांवरून आणि शब्बाथांवरून कुणी तुमचा न्याय करू नये. बरोबर आहे. मी कुठे कुणाचा न्याय करते? मिसेस ग्रिझवोल्डने शनिवारी खुशाल कपडे धुवावेत. पण न्याय करू नका म्हणजे दिवसच काढून घ्या, असं त्याने कुठे लिहिलंय ते मला दाखव. तुझं लाडकं ते दुसरं, की शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही. तू ते पप्पांसारख्यांना गप्प करायला वापरतोस. मी ते रात्री भांडी घासताना स्वतःशी म्हणून बघते. माझ्यासाठी केलेली वस्तू होती ना ती? मग मला न विचारता कुणी उचलून नेली? आणि येशूला कबरेत ठेवल्यावर त्या बायका आठव. सुगंधी द्रव्यं तयार करून ठेवली आणि शब्बाथ लागला म्हणून थांबल्या. घरात एवढं मोठं दुःख, तरी तो एक दिवस त्यांना कुणी कामाला लावलं नाही. आज असत्या तर तू त्यांना म्हणाला असतास, बायांनो, तुम्ही मोकळ्या आहात, जरा चाळीस डझन तळून द्या.

वेंडलवर रागावू नकोस, आणि माझा राग त्याच्यावर काढते आहे असंही समजू नकोस. माणूस चांगला आहे. मागे बाग विकायची वेळ आली होती ते तुला ठाऊक आहे, शनिवार उघडला म्हणून ती आज आपल्या नावावर आहे, हे मी रोज स्वतःला बजावते. मी दमले म्हटलं तर तो लगेच म्हणतो, मग तू सोमवारी झोप की दिवसभर. एकदा झोपून पाहिलं. खाली रसाचं यंत्र धुण्याचा आवाज, फोन, ट्रकवाल्याच्या हाका, आणि मी पलंगावर चोरासारखी पडलेली. तासाभरात उठून खाली आले. एकट्याने घेतली तर ती सुटी, बाकीचे राबत असतात आणि आपण आळशी ठरतो. सगळे एकदम थांबायचे, पप्पा, गडी, ट्रॅक्टर, रस्त्यावरचा परका माणूससुद्धा साखळीपाशी थांबायचा, म्हणून तेव्हा कुणीच आळशी नव्हतं. तुझ्या सगळ्या अभ्यासात ही गोष्ट कुणी काढलीच नाही. मी काढली असती, पण मी कॉफी ओतत होते.

आता गेल्या शनिवारचं सांगते, त्यासाठीच बसले आहे लिहायला. डोनटच्या खिडकीसमोरची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. माझं लक्ष तेलात. पिशवी उघडली आणि मान वर न करता विचारलं, किती डझन? पिशवी हातात तशीच राहिली. जरा चढ्या आवाजात म्हटलं, लवकर सांगा, मागे माणसं खोळंबलीत. तेव्हा समोरून आवाज आला, आई, मी आहे. आमची हॅटी. बारा वर्षांची पोर रांगेत उभी राहून माझ्यापर्यंत आली होती. वेंडलचं जाकीट कमरेला गुंडाळलेलं, तोंड पांढरं पडलेलं. अगं, मागच्या दाराने यायचं ना, मी म्हटलं. तर म्हणाली, मागून आले की तू नंतर म्हणतेस, रांगेतल्या लोकांशी बोलतेस. तिला काय सांगायचं होतं ते फीबीला विचार, जाकीट ऐकल्यावर तिला कळेल. माझ्या वेळी मी ते आईला झाडाखाली सांगितलं होतं, आणि आईने मला दुपारभर जवळ घेतलं होतं. मी हॅटीला किती वेळ दिला असेल? रांग कुरकुरत होती. तिला आत घेतलं, बाथरूमचं कपाट दाखवलं आणि परत खिडकीशी आले. दिवसभर मी माणसांना विचारत होते, किती डझन, किती डझन, आणि डोळ्यांतलं पाणी तेलात पडू नये म्हणून मागे सरकून उभी होते. म्हणून जोएल, येत्या शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत मी साखळी लावणार आहे. परवानगी मागत नाही, कळवते आहे. वेंडल एवढंच म्हणाला की जोएलला कोण सांगणार, आणि आज दुपारी कोठारातून साखळी काढून तेल लावत बसला होता. तुझा मेळावा शाळेच्या मैदानावर घे, सफरचंदं पेट्या भरून पाठवते, डोनट मिळणार नाहीत. ख्रिस्ती माणसाने शब्बाथ पाळलाच पाहिजे का, ते तू आणि पौल ठरवा, मला त्यात पडायचं नाही. मला तो हवा आहे, बस. मेळावा संपला की फीबीला आणि मुलांना घेऊन ये, साखळी ओलांडून चालत. गाडी बाहेर ठेव. बीन्स असतील, पाव असेल, भांडी कुणी घासणार नाही. मी आणि हॅटी टेकाडावर बूट काढून पडलेल्या असू. पाणी आता गार झालंय, पण तुला वाटलं तर तळ्यात खुशाल गळ्यापर्यंत उतर. मी कूस बदलेन.

तुझीच, पण या शनिवारी कुणाच्याही हाकेला ओ न देणारी,
केझी