अठ्ठ्याण्णवाव्या तासाला

डर्बी, मार्च १९४१

लायनेल,

लोखंड घासायची कानस कशी धरायची ते तुला मी शिकवलं. तू कॉलेजात जाऊन विमानांची इंजिनं आखायला लागलास आणि मी चाचणीच्या शेडमध्ये तीच तापवत राहिलो. रविवारी चहाला आई शेजारणीला सांगते, "लढाऊ विमानात बसतं ना, ते माझ्या लायनेलचं इंजिन." मी समोरच पाव खात असतो.

पूर्ण ताकदीवर शंभर तास चाललं तरच इंजिन पास, हा आपला नियम. तुझं वाढीव ताकदीचं इंजिन अठ्ठ्याण्णवाव्या तासालाही खणखणीत चालत होतं. मी ते बंद केलं आणि म्हणालो, "आवाज बदललाय." तू ते खोललंस, तर पिस्टनच्या दांड्याला केसाएवढी चीर निघाली.

"एडगरच्या कानांनी वैमानिक वाचवले," असं तू साऱ्या शेडला सांगितलंस.

आवाज बदलला नव्हता, लायनेल. तुझं इंजिन पास झालेलं मला बघवलं नसतं.

आता प्रत्येक इंजिनापाशी मला उभं करून तू विचारतोस, "काय ऐकू येतंय?"

मला आईच ऐकू येते. हे पत्र काही मी टपालपेटीत टाकणार नाही.

तुझा थोरला,
एडगर