राणीच्या पोटात परके जिवाणू

३ नोव्हेंबर
आणखी दोन गेले! हे बिनकेसांचे उंदीर एरवी वीस-पंचवीस वर्षं ठणठणीत जगतात – आणि आमच्या केंद्रातल्या काचेच्या बोगद्यांत हगवणीने पटापट मरताहेत. आमचे पशुवैद्य डॉ. न्झिओका यांनी जखमांसाठी औषध दिलं, त्याने आतड्यातले चांगले जिवाणूही मेले असणार. तसं म्हटलं तर, "कावाता, डॉक्टर मी की तू?"

५ नोव्हेंबर
राणीने, म्हणजे कळपात पिल्लं घालणाऱ्या एकुलत्या एका मादीने, रताळ्याला तोंड लावलं नाही. केंद्रप्रमुखांचा फोन – आठवड्याभरात सुधारणा नसेल तर सगळ्यांना कायमचं झोपवा. झोपवा म्हणे!

६ नोव्हेंबर
यांची पिल्लं मोठ्यांची विष्ठा खातात, त्यातूनच त्यांना जिवाणू मिळतात. मग रानातल्या निरोगी उंदरांची आणली तर? न्झिओका उखडले. "परका वास आला की राणीला फाडतील ते. तुझ्या डोळ्यांदेखत!"
खरं आहे. तरी मी जवळच्या गावात गेले.
स्योम्बुआ मावशी शेतात वैतागून बसलेली. "रताळी वरून गरगरीत, आत पोकळ! कोण खातंय तेच दिसत नाही." मी दाखवलं – जिथून माती उडते, तिथे खाली याच उंदरांचं बीळ. दोघींनी खणलं. लेंड्यांनी डबा भरताना ती हसत सुटली. "एवढं शिकून हेच गोळा करायचं होतं का गं?"

७ नोव्हेंबर
त्या लेंड्या रताळ्याच्या लगद्यात कालवून राणीला भरवल्या. परका वास झाकायला इथल्याच बोगद्यातली घाणीची माती तिच्या अंगाला चोळली. सोडलं. सगळे जागच्या जागी थांबले. एक थोराड मादी दात विचकून तिच्या अंगावर आली. हुंगलं. परत हुंगलं. न्झिओका चिमटा धरून उभे.
मादी बाजूला झाली!

९ नोव्हेंबर
फरक नाही. आज आणखी एक.

१२ नोव्हेंबर
राणी खातेय! लेंड्या घट्ट! बाकीचेही तिची विष्ठा खाऊन सावरताहेत. न्झिओकांनी आपल्या ताटातला उगालीचा, मक्याच्या घट्ट उकडीचा, अर्धा गोळा माझ्या ताटात ठेवला. "तुझं ऐकायला हवं होतं मी." प्रमुखांना फोनही त्यांनीच केला.

२० नोव्हेंबर
बाजारात स्योम्बुआ मावशी भेटली. जिवंत कोंबडीच हातात दिली. "घे! तुझ्यामुळे शेत वाचलं माझं. तू बिळं दाखवलीस, मग काय – प्रत्येकात विषारी औषध ओतलं. एक उरला नाही!"
मी कोंबडी घेतली. "बरं झालं," असंही म्हणाले.