भट्टी तबस्सुमच्या नावे

मी, गुलाम रसूल वल्द शेख इमाम, वय सदुसष्ट, धंदा ओतकाम, राहणार अहेरी, जिल्हा गडचिरोली, हा कागद माझ्याच हातानं, कोणाच्या दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. दम नाही, उभी हयात पितळेचा धूर छातीत घेतला, तो आता वसुली करतो आहे. माझ्यामागं काय कोणाचं, ते खाली सांगतो.

कलम १. घराची वाटणी शरियतप्रमाणे माझी बायको जरीना आणि मुलगा फैज यांच्यात व्हावी. उन्हाची खोली जरीनाला द्यावी. तिच्या गुडघ्यांचं दुखणं मी कायम या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडलं.

कलम २. माझा तराजू बिरजू भंगारवाल्याकडे पडून आहे. तो त्याच्याकडेच राहू द्या. त्यानं जस्ताचे नळ मला पितळ म्हणून विकले, तेव्हा तराजूशी त्याचं नातं माझ्यापेक्षा जुनं आहे.

कलम ३. मागची टिनाची शेड, भट्टी, धातू वितळवायच्या मुशी, चिमटे आणि पंखा माझी सून तबस्सुम, फैजची बायको, हिला मिळावं. सून वारस धरली जात नाही, म्हणून तिला मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत मृत्युपत्रानं देता येतं. हे मी मौलवीसाहेबांना विचारून घेतलं आहे.

या कलमाचं कारण लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तबस्सुम पोंभुर्ण्याची. माझा दम गेल्यावर तिनं कोणाला न विचारता तेलाचा डबा कापला, आतून वारुळाची माती आणि धानाचा कोंडा कालवून लिंपला, आठवडाभर सावलीत वाळवला. झाली भट्टी. आधी फुटक्या अ‍ॅल्युमिनियमच्या गंज-पातेल्यांपासून झाकणांच्या मुठी ओतल्या. मी खाटेवरून नावं ठेवायचो आणि मनात म्हणायचो, पोरीचा हात बरा आहे. तोंडानं कधी म्हटलं नाही.

पोळ्याच्या आधी नदीपलीकडच्या रुखमाबाई आल्या. त्यांना बैलासाठी घंटी हवी होती. त्यांच्याकडे अशी रीत आहे की घंटी ओतताना घरधनीण आपलं मोडकं जोडवं हळदीच्या पाण्यानं धुऊन मुशीत टाकते, म्हणजे बैल घर विसरत नाही. ओला तुकडा वितळलेल्या धातूत पडला की पाण्याची वाफ होते आणि सगळी मूस उडते. तरुणपणी मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून मी अशा गिऱ्हाइकांना हाकलून द्यायचो. तबस्सुमनं हाकललं नाही. ती म्हणाली, "बाई, तुमची रीत राहू द्या, पण जोडवं आधी भट्टीच्या झाकणावर शेकू द्या." आणि तिनं ते शेकूनही घेतलं. मी तेव्हा डुलकीत होतो, हे मला मागाहून कळलं.

डोळे उघडले तर रुखमाबाईंच्या ओल्या हळदीच्या हातातून जोडवं मुशीत पडत होतं. मी उठलो आणि तबस्सुमचा दंड धरून मागं ओढलं. जोडवं कोरडं होतं. काही उडालं नसतं. माझ्या ओढण्यानं तिच्या हातातला मुशीचा चिमटा निसटला आणि पितळ तिच्या उजव्या पायावर सांडलं.

दवाखान्यात विचारलं, कसं झालं? मी म्हणालो, सून नवी आहे, हात चुकला. ती तिथंच पडली होती. तिनं ऐकलं. मला लाज वाटली, आणि तरी मी शब्द मागं घेतला नाही.

फैज ट्रकच्या फेरीवरून आला आणि त्यानं लोखंडी सब्बलीनं तिची भट्टी फोडली. म्हणाला, या घरात आता आग पेटणार नाई. नंतर मी त्याला खरं सांगितलं. तो म्हणतो, "अब्बा, तिले वाचवाले काऊन खोटं बोलून राह्यले?" वेळेवर न बोललेलं खरं असं नासतं. म्हणून सरकारी कागदावर लिहितो: चूक माझी. ज्यांनी पाहिलं त्या रुखमाबाई याला साक्षी आहेत.

फुटली ती डब्याची भट्टी. माझी जुनी शाबूत आहे, तिच्याबद्दल तबस्सुमला सूचना. भट्टीपाशी पाण्याची बादली नको, कोरडी वाळू ठेव. साचा गरम लागेपर्यंत ओतू नकोस. पितळेचा पांढरा धूर निघाला की वारा येतो त्या बाजूला उभी राहा. मी राहिलो नाही. चामड्याचे बूट घाल.

पुरवणी, त्याच दिवशी. वरचा मजकूर फैज सोडून सर्वांसमोर वाचून दाखवला. जरीना रडली. रुखमाबाई म्हणाल्या, "रसूलभाऊ, खरं हाय तेच लिवलं तुमी." तबस्सुम काठी टेकत उठली आणि म्हणाली, "अब्बा, म्हणजे तुम्ही मरायची वाट पाहू काय मी? मेल्यावर देता, म्हणजे फैजसमोर तुमाले उभं राहा लागत नाई."

तिचं खरं होतं. मी पुन्हा तेच करत होतो. आधी तिच्यावर ढकललं, आता मरणावर ढकलत होतो.

म्हणून कलम ३ साक्षीदारांसमोर आडवी रेघ मारून रद्द केलं आहे. शेड आणि त्यातलं सगळं सामान मी आजच, जिवंतपणी, तबस्सुमला बक्षीस देऊन तिच्या ताब्यात दिलं. आता ते माझं नाही, आणि जे माझं नाही त्याचं मृत्युपत्र करता येत नाही.

फैज संध्याकाळच्या बशीनं येतो आहे. त्याला हे तबस्सुम सांगणार नाही, जरीनाही सांगणार नाही. मी दारात खाट टाकून बसलो आहे.

लिहून देणार: गुलाम रसूल वल्द शेख इमाम (सही)
साक्षीदार: १. रुखमाबाई, डाव्या हाताचा अंगठा. २. वारलू, कोळसेवाला, शेजारी (सही)
मुक्काम अहेरी, दिनांक १२ ऑक्टोबर २००३