शून्याला टेकलेली रेषा

१० फेब्रु., सोम.
प्रबंध झाला एकदाचा. रामदासपेठेत सरांकडे गेली. ते २८ ला रिटायर. त्याआधी जमा नाही केला तर नवा गाईड, नवी नोंदणी, आणखी दोन वर्षं, अन् कॉलेजातली पक्की जागा गेलीच समजा. सरांनी गाईडच्या प्रमाणपत्रावर सही आधीच करून दिली. "तारीख तू टाक." सहा वर्षांत माझी एक ओळ न तपासता सोडली नाही या माणसानं.

१३ फेब्रु., गुरु.
कुहीहून आईचा फोन. "काहून वं, किती लिवून राहिली? कायचं हाये तरी?" सांगितलं, कृष्णविवरातून प्रकाश सुटत नाही. पण गुरुत्वाकर्षणाच्या आमच्या वेगळ्या सिद्धांतात प्रकाशाहून जोरात पळणाऱ्या लहरी असतात, त्या सुटतात. सरांचा दावा, त्यांना अडवणारी शेवटची भिंत नाहीच. माझ्या प्रबंधाचं पाचवं प्रकरण त्यावरच उभं.
"मंग बरं हाये. कोनी त सुटते."

१७ फेब्रु., सोम.
आलेख नीट करायला बसली अन् घात झाला. पाचव्या प्रकरणाचं मूळ सूत्र सरांनी कधीकाळी एका लेखातून घेतलं, त्यात अधिक-उण्याची रीत आमच्या उलट. सगळी चिन्हं बदलली, एक राहिलं. आम्ही विद्यार्थ्यांनी त्यांची वही पोथीसारखी उतरवली. ते दुरुस्त केलं तर आलेखातली रेषा खाली येते, शून्याला टेकते. जिथं टेकते तिथं भिंत, म्हणजे भिंत आहे. अनंत वेगानं पळा, आतलं बाहेर येत नाही.

१९ फेब्रु., बुध.
तीनदा हातानं काढलं. टेकतेच. खरं तर भिंत असलेली बरी. आतली भानगड बाहेर आली असती तर कारण-परिणामाचा भरवसाच उरला नसता. विश्वाचं भलं झालं. माझं काय?
परीक्षक थोडाच वही मागणार. तारीख टाकायला पेन काढला. ठेवून दिला. रडायला आलं, मग स्वतःचाच राग आला. सहा वर्षं एकदाही विचारलं नाही, काहून.

२४ फेब्रु., सोम.
सरांच्या निरोप समारंभात मी बोलायचं म्हणे. विषय, सरांचं संशोधन. हो म्हणून बसली. चूक सांगायला म्हणून निघाली, त्यांच्या गल्लीच्या टोकावरच चहा घेतला अन् महाल भागातल्या माझ्या खोलीवर परत.

२७ फेब्रु., गुरु.
कागद सरांसमोर ठेवले. बोट ठेवून एकेक चिन्ह पाहिलं त्यांनी. "हे चिन्ह तर मीच..." मग म्हणाले, "प्रबंध जमा करून, मी रिटायर झाल्यावर सांगितलं असतं तर तुझं काम होऊन गेलं असतं."
"सही तुमची आहे, सर."
त्यांनी हात पुढं केला. मी प्रमाणपत्र दिलं. त्यांनी फाडलं नाही, परतही दिलं नाही. चष्म्याच्या डबीखाली ठेवलं. कोरा कागद ओढला अन् पहिल्या ओळीपासून लिहायला लागले. "जा तू. मी पाहून राहिलो."
जिन्यावरून वळून पाहिलं, तर अजून लिहूनच राहिले होते. प्रबंध जमा करायचं ऑफिस उद्या पाचपर्यंत उघडं.