हाफ डे

सोम., ३ फेब्रु.
वागळे इस्टेटीतल्या माझ्या कारखान्यात दोन पाहुणे, व्हॉल्व्ह तपासायला. जर्मनीचा ब्रुनो, अमेरिकेचा डेव्ह. कंपनी एक, हुद्दा एक. पण ब्रुनोला वर्षाला सहा आठवडे रजा. डेव्हला दोन, त्याही पुऱ्या घेत नाही. जेवताना विचारलं, असं का बाबा? ब्रुनो म्हणे, आमच्या युनियननं सगळ्यांनाच मिळवून दिली. सगळे एकदम घरी गेले की मागे कोणीच पडत नाही. डेव्ह म्हणे, मला कोणी अडवत नाही. पण मी उठलो आणि शेजारचा बसून राहिला, तर बढती त्याला. मनात म्हटलं, डेव्ह आपल्यातला.

मंगळ., ४
तोंड नको तिथे उघडलं. साडेपाचला कदम डबा घेऊन निघाला. तपासणीचं काम बघतो, एकोणीस वर्षं माझ्याकडे, भाड्याच्या पत्र्याच्या शेडपासून. सुटायची वेळ साडेपाचच. पण पाहुण्यांसमोर मला फुशारकी मारायची.
"काय कदम, आज हाफ डे?"
सगळे हसले. ऑफिसातल्या नेहानं पाहुण्यांना इंग्रजीत सांगितलं. डेव्ह टाळी देत म्हणाला, आमच्याकडेही अस्संच चिडवतात! ब्रुनो घड्याळाकडे बघत राहिला. "पण वेळ तर झाली ना?" त्याला विनोदच कळला नव्हता.
कदम दारातून परत फिरला. डबा खाली ठेवला. आठपर्यंत बसला. जा म्हणालो नाही मी.

बुध., ५
कान तिखट असण्याचा शाप. सकाळी गेटवर कदम वॉचमनशी बोलत होता. बायको नर्स, रात्रपाळीला घरून सातला निघते. त्याआधी हा कल्याणला पोचतो, कारण आई अर्धांगानं पडून. काल बायकोला थांबता आलं नाही.
"दोन तास म्हातारी एकटी रे. अंथरूण ओलं झालं. मी गेलो तर तोंडावर पदर ओढला तिनं."
"सांगायचं ना शेठला!"
"काय सांगू? हाफ डे द्या?"
मी गाडीआड उभा. चाळीस माणसांचा मालक, लपून.

गुरु., ६
कदमला विचारलं, आई कशी आहे?
"बरी आहे, साहेब."
साहेब. एकोणीस वर्षं 'भाऊ' म्हणत आलाय. चुकलो रे, असं म्हणणार होतो, फोन वाजला. घेतला. नसता घेतला तरी चाललं असतं.
पाहुणे गेले. जाताना ब्रुनो म्हणाला, "तुमची गाडी निघेपर्यंत इथं एक कदम सोडला तर कोणी उठत नाही." मला इतकी वर्षं वाटायचं, माया आहे पोरांची. नेहाला विचारलं. ती म्हणाली, "सर, तुमची गाडी हलली की ग्रुपवर मेसेज पडतो. 'पक्षी उडाला'."
हसलो. एकटाच.

शुक्र., ७
भाषण वगैरे नाही. साडेपाचला गाडी काढली. रस्त्यापलीकडे थांबून आरशात बघितलं. पाच मिनिटांत सगळे बाहेर. वॉचमनला फोन केला.
"सगळे गेले?"
"कदम हायेत आत. म्हनले, थोडं काम बाकी हाये."
काम काही बाकी नाही. मला माहीत आहे, त्यालाही.
पावणेसहा. हे गाडीतच लिहितोय. परत जाऊन त्याला हाताला धरून उठवायचं, कल्याणला सोडायचं, वाटेत बोलायचं, जे काय असेल ते. पण गाडी गेटात परत शिरलेली कोणी पाहिली, तर सोमवारपासून पुन्हा एकही उठणार नाही. चालत जावं. दोनशे पावलंही नसतील.
अजून गाडीतच.