रविवारचा खोकला

गुरुवार, १४ मे

ताईंना नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. इकडे सगळं बरं आहे. लॉन्ड्रीत हॉटेलच्या चादरींचा ढीग पडलाय, हाताला उसंत नाही. तुमच्या भावाशी माझं फाटलं तरी तुम्ही खुशाली विचारता, याचं बरं वाटतं. पण पत्रातली मधली दोन पानं वाचून माझं डोकं फिरलं, ते आधी सांगते.

तुम्ही हवा मोजण्याच्या केंद्रात कामाला आहात, शिकलेल्या आहात, सगळं कबूल. म्हणून काहीही सांगाल? म्हणे आपल्यासारख्या शहरात रविवारी छातीला बाधणारा ओझोन वाढतो, म्हणून भिंगरी खोकते! अहो, रविवारी ट्रक बंद, ऑफिसं बंद, आमच्या कोपऱ्यावरचा सिग्नलसुद्धा जांभया देतो. आणि नेमकी त्याच दिवशी हवा वाईट? भावाला पाठीशी घालायला थेट वायूच शोधून काढलात, कमाल आहे हो तुमची!

मला इतकंच कळतं. भिंगरी आठवडाभर माझ्याकडे असते तेव्हा ठणठणीत असते. रविवारी बापाकडे जाते आणि संध्याकाळी खोकत, छातीला हात लावून परत येते. दर वेळी. मग पाणी कुठे मुरतंय ते तुम्हीच सांगा. तो म्हणतो, सिगारेट सोडली. मी पोरीचा फ्रॉक उलटा करून शिवणीपर्यंत हुंगते. लोकांचे कपडे हुंगण्यात माझा जन्म गेला, पण वास काही येत नाही. म्हणजे तिला सोडायला येण्याआधी तो कपडे धूत असणार. नाहीतर मांजर पाळलं असेल. काहीतरी आहेच.

"काय केलंत दिवसभर?" विचारलं की ती म्हणते, "पळालो!" म्हणजे हिला मैदानावर सोडायचं आणि आपण बाकावर बसायचं. तिथे बसून काय फुंकत असेल ते त्यालाच ठाऊक.

तेव्हा या रविवारी मी तिला पाठवत नाही. वकीलबाईंशी बोलणं झालंय. या भेटी कायमच्या थांबवा, असा अर्ज सोमवारी कोर्टात जाईल. तुम्हाला आधी कळवलं, मागून वाईटपणा नको.

कुठल्याही वायूला न फसणारी,
तुमची एके काळची वहिनी

सोमवार, १८ मे

ताई,

काल भिंगरी माझ्याजवळ होती. घरात सारखी चिडचिड, सारखं "बाबा कधी येणार?" शेवटी दुपारी तिला मागच्या मैदानावर नेलं. लख्ख ऊन, रस्ता मोकळा, एक गाडी नाही. म्हटलं, या आता, बघा कशी असते रविवारची हवा! ती नुसती भिरभिरत होती. मी बाकावर बसून राहिले, तुमच्या भावासारखीच.

तासाभरात खोकला सुरू. तोच. छातीला हात. लाज वाटते सांगायला, पण बाप चोरून भेटून गेला का, हे मी तिला आधी विचारलं. मग पाणी दिलं.

घरी आणून तिला औषधाचा पंप ओढायला दिला आणि तुमची ती पानं पुन्हा काढली. गाड्यांच्या धुरातलाच एक वायू ओझोनला खाऊन टाकतो. रविवारी तो कमी, ऊन मात्र तेवढंच, म्हणून ओझोन उरतो आणि दुपारी चढतो. पळणाऱ्या पोराच्या छातीत तर जास्तच जातो. धुरातलं काही चांगलं करतं, हे मला अजून नीट पटलेलं नाही. पण खोकला मी माझ्या कानांनी ऐकलाय.

आणखी एक. ती खोकत घरी आली की माझा जीव खालीवर व्हायचा, हे खरं. पण आत कुठेतरी बरंही वाटायचं, की बघा, सापडला! पोरीच्या खोकल्याने मला बरं वाटायचं, ताई. हे कुणाजवळ बोलू?

अर्ज मी थांबवलाय. त्याला म्हणावं, सकाळी पळवा, दुपारी घरात ठेवा. सिगारेटचं मात्र तुम्ही खोदून खोदून विचाराच.

पंप ओढून झाल्यावर तिने तो माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "आई, बाबांकडे खोकला येतो म्हणून तू मला पाठवलं नाहीस ना? मग आता मी तुझ्याकडेही राहायचं नाही का?"

 तिच्या बापाला लवकर पाठवा.

वाट पाहते,
भिंगरीची आई