त्याच परच्याला पुन्हा

हैदराबाद, कार्तिक वद्य पंचमी, १९४१

चि. सौ. कासाबाईस,

पेडगावी तू सुखात असावीस, हा आशीर्वाद. मी बरा हाय. खानावळीत ज्वारीची भाकर मिळायलीय, काळजी करू नको.

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहायची राहिली. राहिली न्हाई, मीच लिहिली न्हाई. मी पास झालो हे खरं, पण तिसऱ्या दर्जात. इतिहासाचा परचा उर्दूत होता, त्यात लय कमी मार्क पडले. या दर्जावर दूर आदिलाबादला कारकुनी मिळत होती. दुसरा दर्जा आला तर घराजवळ परभणीच्या शाळेत मास्तर होता येतंय. म्हणून तोच परचा पुन्हा द्यायलोय.

वर्गातली पोरं मला 'चाचा' म्हणत्यात. उर्दू शिकवणाऱ्या मौलवीसाहेबांनी विचारलं, "पास झालास, मग पुन्हा कशाला?"

मी म्हणलं, "घरचं माणूस पेडगावात हाय."

ते हसले. तवापासून रोज सकाळी घरी बोलावून शिकवायलेत.

आबांना मी वेगळं लिहिलंय. ते रागावले तर तू बोलणी खाऊ नको, चूक माझी हाय.

पायाची सूज उतरली का? सातवा लागलाय, आता विहिरीचं पाणी शेंदू नको. कस्तुरावहिनीला सांग, त्या न्हाई म्हणायच्या न्हाईत.

परीक्षा माघात हाय, अन् तुझे दिवसबी तवाच भरत्यात. बाळंतपणाला मला तुझ्या माहेरी पिंगळीला येता येणार न्हाई. एवढं लिहायला मला चार दिवस लागले. रागावलीस तर तसंच लिही, पण लिही. तुझं अक्षर कितीबी वाकडं असलं तरी मला वाचता येतंय.

तुझ्या उत्तराकडं डोळे लावलेला,
चंद्रभान